गावची इगर्ज, गावची शाळा : गोव्याच्या पॅरिश शाळांची साडेचारशे वर्षे

१/२३
१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. ते काल्पनिक नव्हते. संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना केलेले ते वंदन होते. हे गुरू दक्षिण गोव्यातील माजोर्डा गावचे. त्यांच्या हाती व्हायोलिन कसे आले, याचे उत्तर सोळाव्या शतकातील एका शाळेत सापडते.

२/२३
ती शाळा म्हणजे ‘इश्कोला पारोकियाल’, गावच्या चर्चला जोडलेली प्राथमिक शाळा. गोव्याच्या कोकणीत चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात. इगर्जेच्या सावलीत मुले प्रार्थना शिकत, अक्षरे गिरवत आणि सूर ओळखत. श्रद्धा, विद्या आणि गावकी या तिन्ही गोष्टी तेथे एकाच छपराखाली नांदत होत्या. मात्र या शाळेची पायाभरणी निर्मळ नव्हती.

३/२३
१५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा शहर जिंकले. पुढील तीन दशकांत सत्तेचे धोरण कठोर होत गेले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्याकडे वळवले गेले. त्याच वर्षी मिगेल वाझ आणि दिओगो द बोर्बा या धर्मगुरूंच्या पुढाकाराने स्थानिक मुलांसाठी एक विद्यालय उभे राहू लागले.

४/२३
हेच पुढे जेझुइटांचे सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून देवळातील दिवा तेवत असे, त्याच उत्पन्नाचा वाटा आता नव्या धर्माच्या विद्यालयाकडे जाऊ लागला. गावकऱ्यांच्या दृष्टीने शाळेची पहिली ओळख ही अशी होती.

५/२३
६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून फिरे, मुलांना आणि गुलामांना गोळा करी आणि चर्चमध्ये नेऊन धर्मसूत्रे गाऊन शिकवी. गाऊन शिकवणे ही त्याच्या पद्धतीची किल्ली होती. अक्षरओळख नसलेले मूलही चालीवर सारे पाठ करी आणि घरी जाऊन तेच गुणगुणे. परिणामी आईबापांपर्यंत नवा धर्म मुलांच्या तोंडून पोहोचे.

६/२३
या पद्धतीला दुसरी बाजूही होती. दक्षिणेतील मोत्यांच्या किनाऱ्यावरून लिहिलेल्या पत्रांत झेवियर मुलांच्या उत्साहाचे कौतुक करतो. गावात कोठे मूर्तिपूजा चालते, हे तीच मुले त्याला येऊन सांगत. शिकलेले मूल घरात प्रकाश आणू शकते, तसेच घर दुभंगूही शकते, हे या पत्रांतून स्पष्ट दिसते.

७/२३
१५५९ मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने हिंदू अनाथ मुलांविषयी फर्मान काढले. अशा अनाथ मुलांना ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजकडे सोपवावे आणि तेथे त्यांना ख्रिस्ती शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १५६० मध्ये, इन्क्विझिशन स्थापन झाले. अनेक कुटुंबे मुलांना आणि देवांना घेऊन नदीपलीकडे गेली. फोंडा परिसरात आज दिसणाऱ्या अनेक देवस्थानांचा इतिहास या स्थलांतराशी जोडलेला आहे.

८/२३
जे मागे राहिले, त्यांच्या गावांत हळूहळू इगर्जी उभ्या राहिल्या. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे गेले, साष्टी जेझुइटांकडे. प्रत्येक पॅरिशमध्ये मुलांना ‘दोतोर्न’, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, देण्याची व्यवस्था झाली. पोर्तुगीज ‘दौत्रिना’ या शब्दाचे हे कोकणी रूप. परका शब्द गावच्या जिभेवर रुळला, तसाच परका धर्मही काही पिढ्यांत गावचा झाला.

९/२३
शिकवायचे कोणत्या भाषेत, हा पहिला व्यावहारिक प्रश्न होता. पोर्तुगीज मुलांना समजत नव्हती. म्हणून मिशनऱ्यांनी स्थानिक भाषा शिकण्यास आरंभ केला. १५५६ मध्ये सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला. भारतातील मुद्रणाचा आरंभ येथूनच मानला जातो. पुढे साष्टीतील रायतूर येथील जेझुइटांच्या संस्थेतही छपाई होऊ लागली.

१०/२३
या परंपरेतील सर्वांत मोठे नाव म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज असलेला हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि आयुष्यभर येथेच राहिला. १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी एका इंग्रज पाद्र्याने बायबलच्या कथेसाठी वापरली.

११/२३
या पुराणाच्या आरंभीचा प्रसंग लक्षणीय आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांची दोतोर्न चाललेली असते. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येऊन पाद्री गुरूंना विनवतो, की आमची जुनी पुराणे आता आम्हाला वर्ज्य झाली. त्यांच्या जागी वाचावे, ऐकावे असे काही तरी आम्हाला द्या. मराठीतील एका महाकाव्याचा उगम अशा रीतीने लहान मुलांच्या वर्गात दाखवला आहे.

१२/२३
स्टीफन्सचा मृत्यू १६१९ मध्ये झाला. त्याने रचलेली कोकणीतील प्रश्नोत्तररूप दोतोर्न १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेच्या अगदी आरंभीच्या मुद्रित व्याकरणांत त्याची गणना होते. मुलांना धर्म शिकवायचा म्हणून भाषा शिकली गेली. भाषा शिकायची म्हणून तिचे नियम लिहिले गेले. हेतू धर्मप्रसाराचा होता, पण लाभ भाषेलाही झाला.

१३/२३
त्यानंतर वारे फिरले, आणि त्याला मराठ्यांच्या इतिहासाचीही पार्श्वभूमी आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी गोवा शहरालगतचे जुवे बेट घेतले. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याची त्रेधा उडाली. त्याने आपला राजदंड झेवियरच्या शवाच्या हाती ठेवून संरक्षणाची याचना केली, असे सांगितले जाते. मराठी फौजा बार्देश आणि साष्टीतही घुसल्या. पुढे मोगली सैन्य कोकणात उतरल्याने त्यांना माघारी वळावे लागले.

१४/२३
याच आल्व्होरने २७ जून १६८४ रोजी एक हुकूम काढला. स्थानिकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी आणि धर्मगुरूंनी व शाळामास्तरांनी पोर्तुगीजमधूनच शिकवावे, असा तो हुकूम होता. या मागणीमागे फ्रान्सिस्कनांचा आग्रह होता. ज्या भाषेत पूर्वी धर्मग्रंथ रचले गेले, तीच आता शाळेतून हद्दपार होणार होती.

१५/२३
१७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांनी आणखी एक पाऊल टाकले. पोर्तुगीज न येणाऱ्या वधूवरांना विवाहाची अनुमती देऊ नये, असा त्यांचा आदेश होता. तरीही कोकणी मेली नाही. फर्मान कागदावर राहिले आणि आई मुलाशी स्वतःच्याच भाषेत बोलत राहिली. मुद्रित कोकणी साहित्य मात्र आटले. या दडपशाहीची कागदपत्रे एकोणिसाव्या शतकात कुन्हा रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच प्रकाशात आणली.

१६/२३
१७५९ मध्ये पोंबालने जेझुइटांची हकालपट्टी केली. १८३० च्या दशकात उरलेले धर्मसंघही विसर्जित झाले. मोठी विद्यालये ओस पडली. गावची शाळा मात्र टिकली, कारण ती आता परक्या संघाच्या नव्हे, तर गावच्याच माणसाच्या हाती होती. त्याला ‘मेस्त्र’ म्हणत. पोर्तुगीजमध्ये याचा साधा अर्थ गुरुजी.

१७/२३
मेस्त्र हा एकाच वेळी शिक्षक, ऑर्गनवादक आणि गायनवृंदाचा प्रमुख असे. मुलांना दोतोर्न, वाचन आणि लेखन शिकवता शिकवता तो ‘सोल्फेज’ घोटून घेई. सोल्फेज म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी पाहून स्वर अचूक गाण्याची तालीम. आधी गळ्याने स्वर ओळखायचा, मगच वाद्याला हात लावायचा, हा दंडक. त्यानंतर बहुधा व्हायोलिन हाती पडे.

१८/२३
शिकलेली विद्या लगेच गावच्या उपयोगी पडे. रविवारची मिस, गावचे फेस्त, त्याआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेना, उपवासकाळातील मोतेत, घराघरांतील आणि क्रुसांसमोरील लादीन, अंत्ययात्रा. प्रत्येक प्रसंगी गाणारे आणि वाजवणारे लागत. मूल शिकत असे ते परीक्षेसाठी नव्हे, तर गावाच्या वर्षचक्रात आपली जागा घेण्यासाठी. एकोणिसाव्या शतकात मांडो हा गानप्रकार बहरला, तेव्हा त्यात व्हायोलिन आणि घुमट शेजारी शेजारी वाजू लागले.

१९/२३
हे चित्र सर्वस्वी समतेचेही नव्हते. धर्म बदलला तरी जात गेली नाही. चर्चमधील बंधुमंडळे, ज्यांना ‘कोंफ्रारी’ म्हणत, जातीनुसार वेगळी असत आणि फेस्ताचा मान कोणाचा यावरून तंटे होत. पण स्वरलिपी वाचता येणाऱ्या गरीब मुलाला एक दार उघडे होते. जमीन नसलेल्या घरातील मुलगाही व्हायोलिन काखोटीला मारून पोटासाठी गाव सोडू शकत असे.

२०/२३
ही वाट मुंबईकडे जाई. धोबीतलाव परिसरात गोव्याच्या गावांची ‘कूड’ असत. एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली ही वसतिगृहे. खलाशी, आचारी आणि वादक तेथे राहत. रात्री वेदीसमोर एकत्र तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होई. गावची इगर्ज जणू मुंबईच्या एका खोलीत येऊन बसली होती. मूकपट, हॉटेलांतील नृत्यवृंद आणि मग बोलपट यांनी या वादकांना काम दिले.

२१/२३
हिंदी चित्रपटाचे संगीतकार राग जाणत. वाद्यवृंदाला मात्र लिहिलेले नोटेशन लागे. ही दरी गोव्याच्या अरेंजरांनी भरून काढली. आल्दोन्याचा चिक चॉकलेट, कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, शंकर-जयकिशन यांच्यासोबतचे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील काही नावे. अँथनी गोन्साल्विस यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते. पहिले धडे त्यांनीच दिले. १९५८ मध्ये अँथनींनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला आणि रागांवर आधारित रचना लता मंगेशकर व मन्ना डे यांच्या आवाजात सादर केल्या.

२२/२३
इकडे गोव्यात भाषेचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. १९९० मध्ये प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा चर्चच्या बहुसंख्य प्राथमिक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. जिला १६८४ मध्ये शाळेतून घालवण्याचा हुकूम निघाला होता, ती भाषा ३०६ वर्षांनी त्याच इगर्जेच्या वर्गात सन्मानाने परतली.

२३/२३
पण वाद मिटला नाही. वर्गातील कोकणी देवनागरीत होती, तर मिसेतील प्रार्थनापुस्तक रोमी लिपीत. पालकांना मुलांच्या नोकरीसाठी इंग्रजी हवी होती. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि मातृभाषेच्या बाजूने मोठे आंदोलन उभे राहिले. झेवियरची घंटा, स्टीफन्सची ओवी, आल्व्होरचा हुकूम आणि २०११ चे मोर्चे या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : सहा वर्षांच्या मुलाशी शाळेने कोणत्या भाषेत बोलावे? हुकूम काढणाऱ्यांनी त्याची उत्तरे वेळोवेळी बदलली. गावच्या मेस्त्राने मात्र मुलाला आधी ऐकायला शिकवले. अँथनी गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी निवर्तले, तोवर त्या शिकवणुकीवर हिंदी चित्रपटसंगीताची एक अख्खी पिढी उभी राहिली होती.