बोरसुरीची डाळ बोरसुरीचीच, हे प्रयोगशाळेत कळतं का?

निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच, दोघींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला. नाशिक व्हॅली वाइनकडे तो २०१० पासून आहे. टॅगमुळे नावाला कायद्याचं संरक्षण मिळतं. पण पोत्यावर नाव छापायला काय लागतं? आतली डाळ कुठली, हे कसं ओळखायचं?

यावर सगळ्यात जास्त डोकं चालवलंय वाइनवाल्यांनी. युरोपात वाइनमध्ये साखर-पाणी मिसळणं, साधी वाइन नामांकित गावाच्या नावावर विकणं जुनंच. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात जेरार मार्तँ यांनी वाइनच्या अल्कोहोलमधला जड हायड्रोजन मोजून ते द्राक्षाच्या साखरेचं की बीटाच्या, हे ओळखायची पद्धत बसवली. १९९१ मध्ये युरोपाने अस्सल वाइनच्या नमुन्यांची सामायिक डेटाबँकच सुरू केली. संशयित बाटली या नोंदींशी ताडून पाहतात.

जमिनीचा माग काढायला मात्र स्ट्रॉन्शियम कामाला येतं. हे मूलद्रव्य कॅल्शियमसारखंच असल्याने मुळं ते मातीतून सहज उचलतात. त्याचे ८७ आणि ८६ वजनाचे दोन प्रकार मोजतात. खडकातल्या रुबिडियमपासून ८७ हळूहळू तयार होत राहतं. त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटमध्ये हे गुणोत्तर ०.७१० च्या वर जातं. दख्खनचा बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, रुबिडियमही कमी. त्याचं गुणोत्तर बहुतेक ठिकाणी ०.७०४ ते ०.७०९. झाड हे प्रमाण फारसं बदलत नाही. माती जशी, तसा दाणा.

निलंग्याची काळी माती याच बेसॉल्टची. शेजारच्या औसा तालुक्यात किल्लारीला भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा ग्रॅनाइटी खडक लागायला सुमारे ३३८ मीटर खाली जावं लागलं. तुरीचं मूळ कितीही खोल गेलं तरी तिथवर पोचणार नाही! उलट भारतात तूर येते त्या उत्तर मोझांबिकमधली जमीन बरीचशी प्राचीन ग्रॅनाइट-नाईसची. तिकडची तूर बोरसुरीच्या नावाने विकली, तर आकडा चुगली करू शकतो.

अडचण शेजाऱ्याची आहे. बोरसुरी, औसा, थेट नाशिकपर्यंत खडक एकाच घराण्यातला, त्यामुळे एकटं स्ट्रॉन्शियम इथे हात टेकतं. मग मँगनीज, बेरियमसारखी अनेक मूलद्रव्यं एकत्र मोजून त्यांचा 'ठसा' तयार करावा लागतो. त्यासाठी आधी गावोगावच्या खात्रीच्या तुरीचे नमुने हवेत, तेही दरवर्षी, कारण पाऊस बदलतो. शिवाय फॉस्फेट खतातूनही स्ट्रॉन्शियम येतं.

आणि डाळ मिलचं काय? तिथे चार गावांची तूर एकत्र भरडली की यंत्राला दिसते ती फक्त सरासरी. औशाची तूर बोरसुरीची म्हणून खपवणारा प्रयोगशाळेपेक्षा शेतकऱ्याची नोंद, आडत्याची पट्टी आणि मिलची आवक वही तपासूनच सापडण्याची शक्यता जास्त.