पाढे पाठ असलेलं यंत्र

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शाखा कुठलीही असो, एक विषय सगळ्यांच्या पानात वाढलेला असतो: कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगची तोंडओळख. सिव्हिलवाला कुरकुरतो, मेकॅनिकलवाला प्रोग्रॅम पाठ करतो आणि सगळे मिळून मूळ संख्या छापतात. हा विषय नव्वदच्या दशकातल्या आयटीच्या लाटेबरोबर अभ्यासक्रमात आला असेल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचं मूळ बरंच मागे, कानपूरला आहे.

ऑगस्ट १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हे यंत्र बसवलं गेलं. संस्था जेमतेम चार वर्षांची होती. अमेरिकेतली नऊ विद्यापीठं तिला मदत करत होती आणि यंत्र त्याच कार्यक्रमातून आलं होतं. त्याआधी देशात संगणक नव्हते असं नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होता, मुंबईत टीआयएफआरच्या मंडळींनी तर स्वतः बांधला होता. पण ती संशोधनाची यंत्रं होती. विद्यार्थ्यांनी हात लावून शिकावं म्हणून यंत्र आणायचं, ही गोष्ट वेगळी होती.

यंत्र होतं मोठं मजेशीर. आजचे संगणक शून्य आणि एक यांत हिशेब करतात. १६२० दशमान पद्धतीत करायचा, आपल्यासारखा. त्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये बेरीज करणारं सर्किटच नव्हतं. बेरजेचा तक्ता आणि गुणाकाराचे पाढे मेमरीत ठरावीक जागी भरून ठेवायचे आणि यंत्र प्रत्येक वेळी तिथे बघून उत्तर काढायचं. सात आणि आठ किती? थांबा, तक्ता बघतो. अमेरिकेतल्या इंजिनिअरांनी त्याला 'कॅडेट' असं नाव पाडलं होतं. त्याचा त्यांनी केलेला विस्तार असा, की याला बेरीज येत नाही आणि हा प्रयत्नही करत नाही. यातली खरी गंमत पुढे आहे. ते तक्ते इतर डेटासारखेच मेमरीत असल्यामुळे चुकीच्या पत्त्यावर लिहिणारा प्रोग्रॅम ते खोडू शकायचा. मग यंत्र बिनदिक्कत चुकीची बेरीज करत राहायचं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मेमरी बिघडल्यावर काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या वर्गात मिळालं नाही.

यंत्राबरोबर काही अमेरिकन प्राध्यापक आले. त्यांत हॅरी हस्की होते, ज्यांनी इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंगबरोबर काम केलं होतं. त्याच वर्षी विस्कॉन्सिनहून परतलेले व्ही. राजारामन हे तरुण प्राध्यापक कानपूरला रुजू झाले. या मंडळींनी साधारण दहा दिवसांचे अभ्यासवर्ग सुरू केले: फोरट्रान शिकायचं आणि स्वतःचा प्रोग्रॅम यंत्रावर चालवून बघायचा. हे वर्ग फक्त संस्थेतल्या मुलांसाठी नव्हते. देशभरातले संशोधक, प्राध्यापक, इंजिनिअर तिथे विद्यार्थी म्हणून बसले. पुढे बी.टेक.च्या सगळ्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं ठरलं. संगणकशास्त्राची बी.टेक. पदवी कानपूरला सुरू झाली ती १९७८ च्या सुमारास. म्हणजे शाखा जन्मायच्या कितीतरी आधी हा विषय सर्वांचा होता. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. सिव्हिलवाल्याची कुरकुर इतिहासाला धरून नाही. विषय आधी त्याचाच होता, आमचा नंतर झाला.

शिकणं मात्र आजच्यासारखं नव्हतं. आधी कागदावर लिहायचं, मग एका ओळीला एक याप्रमाणे कार्डांना भोकं पाडायची. कार्डावर ८० रकाने. पहिल्या पाचांत ओळीचा क्रमांक, सहावा ओळ पुढे चालू आहे हे सांगायला, सातपासून बहात्तरपर्यंत खरा मजकूर. उरलेल्या आठांकडे यंत्र बघायचं नाही. तिथे कार्डांचे क्रमांक टाकायचे, कारण गठ्ठा हातातून पडला की संपलं. हुशार लोक गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारून ठेवत, म्हणजे विस्कटलेली कार्डं पुन्हा लावता येत. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा कार्ड, पुन्हा रांग. त्यामुळे यंत्राकडे जाण्याआधी प्रोग्रॅम कागदावर ओळीओळीने स्वतः चालवून बघणं, म्हणजे ड्राय रन, ही चैन नव्हती, गरज होती.

आता आमचा वर्ग. सन दोन हजार दहाच्या पुढची गोष्ट. लॅबमध्ये पुरेशी यंत्रं होती, त्यांवर टर्बो सीचा तो निळा पडदा होता. १९९० च्या आसपासचं हे डॉसवरचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर थेट चालत नसल्याने डॉसबॉक्सच्या आधाराने चालवलं जायचं. आणि तरीही प्रोग्रॅम जर्नलमध्ये पेनाने उतरवायचे, परीक्षेत तीन तास कागदावर लिहायचे, कंस राहिला तर अर्धा मार्क कापायचा. टंचाई गेली, तिची शिस्त तेवढी उरली. यंत्र रिकामं पडलेलं असताना मुलांना जर्नल पूर्ण करायला बसवणं हा मला निव्वळ अन्याय वाटतो. मात्र ड्राय रन मी आजही करतो, त्याबद्दल तक्रार नाही.

कानपूरच्या वर्गांनंतर वर्षभराच्या आतच, १ मे १९६४ च्या पहाटे, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांची बेसिक भाषा चालू झाली. तिथे विद्यार्थी टेलिटाइपसमोर बसून टाइप करायचा आणि उत्तर लगेच यायचं. त्यांचाही आग्रह हाच होता, की हे विज्ञानाबाहेरच्या मुलांनाही यायला हवं. आपल्याकडे तेवढी यंत्रं नव्हती आणि वातावरणही निराळं होतं. संगणकाने नोकऱ्या जातील या भीतीने एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात आंदोलनं केली. सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. कचेऱ्यांमध्ये संगणक यावा की नाही याचा खल चालू असताना कानपूरची मुलं तो शिकून बाहेर पडत होती.

ज्यांना यंत्र दिसणार नव्हतं त्यांच्यासाठी राजारामन यांनी पुस्तक लिहिलं. वर्गातल्या टिपणांतून वाढलेलं 'प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' १९६९ मध्ये आलं. त्यानंतर त्यांनी फोरट्रान, कोबोल, सी अशी एकेका भाषेवर पुस्तकं लिहिली, तीही विद्यार्थ्यांना परवडतील अशी.

फोरट्रानचा एक नियम होता: आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांकाचं. आमच्या लॅबमध्ये फोरट्रानचं नावही कुणी घेतलं नव्हतं. पण लूप लिहायचा म्हटलं की साठच्या साठ पोरं पहिलं अक्षर टाइप करायची ते आय, आणि आत दुसरा लूप आला की जे.