परीक्षा, परीक्षक आणि लिहिणारा हात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या गावी, यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात, मराठी शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मला मिळाली, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांची मुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात गुजराती, आणि पदवीच्या वर्गात इंग्रजी, अशा चार भाषांच्या चार पायऱ्या चढून आलेली ही माणसे आहेत. हे आरंभीच सांगतो, कारण आजच्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून विद्यापीठांत एकच प्रश्न विचारला जात आहे : विद्यार्थ्याने आणून दिलेला निबंध त्याचाच आहे हे कसे ओळखावे? मी संगणकाचा जाणकार नाही. आयुष्य मराठीच्या उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. म्हणून मी या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने पाहणार आहे.

पेशवाईत दर श्रावणात पुण्यास दक्षिणेचा समारंभ होत असे. दूरदूरचे विद्वान येत. शास्त्रीमंडळी त्यांना समोर बसवून प्रश्न विचारीत. तेथे नक्कल अशक्य होती. विद्या कंठात असे आणि कंठ दुसऱ्याकडून उसना आणता येत नाही. परंतु त्या परीक्षेचे दार ब्राह्मणांपुरतेच उघडे होते, आणि परीक्षक उमेदवाराचे तोंड पाहत होता, त्याचे कुळ जाणत होता. अखेरच्या काळात तर विद्येची पारख मागे पडून वाटपच उरले.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर. आज अनेकांना नवल वाटेल, पण हे विद्यापीठ शिकवीत नसे. शिकविणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम; विद्यापीठ फक्त परीक्षा घेई आणि पदवी देई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत हीच स्थिती होती. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. १८६२ साली बी. ए. चे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. सुरतही त्याच मुंबई इलाख्यात होती. १९४९ साली गुजरात विद्यापीठ निघेपर्यंत येथील मुले मुंबईच्याच प्रश्नपत्रिका सोडवीत होती. म्हणजे हा इतिहास परमुलखाचा नाही.

शिकविणारा एक आणि तपासणारा दुसरा, या व्यवस्थेचे दोष लवकरच दिसू लागले. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने, परीक्षा अध्यापनाच्या मागे चालावयाची ती त्याच्या मानेवर बसली आहे, अशा आशयाची तक्रार नोंदविली. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने, एकच सुधारणा सुचवा म्हटले तर आम्ही परीक्षेची सुचवू, असे मत दिले. दरम्यान टिपणवह्या, गाईडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचा बाजार भरभराटीस आला होता. खरे बोलायचे तर आमच्या विषयात गाईडातील परिच्छेद पाठ करून लिहिणाऱ्याला आम्ही वर्षानुवर्षे पहिला वर्ग देत आलो. तो परिच्छेद कोणाचा, हे आम्ही विचारले नाही. त्यामुळे आज यंत्राकडे बोट दाखविताना माझा हात थोडा आखडतो.

तरीही लेखी परीक्षेचा एक गुण मी कधी विसरणार नाही. डॉ. आंबेडकरांच्या शालेय जीवनातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले, तेव्हा वर्गातील मुले फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलावयास धावली. विटाळ होईल म्हणून! तोच विद्यार्थी १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झाला. फळ्यापाशी तो सर्वांना दिसत होता; परीक्षकाच्या हाती मात्र केवळ त्याचा कागद आला. बैठक क्रमांक ही मोठी रुक्ष गोष्ट आहे खरी, पण त्या रुक्षतेत कितीतरी जणांना आसरा मिळाला.

आता माझी एक चूक सांगतो. ती मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही. मी एका महाविद्यालयात असताना पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने लघुप्रबंध दिला. घर यंत्रमाग कामगाराचे, वर्गात बोलणे तुटक आणि अहिराणी वळणाचे. लघुप्रबंधाची मराठी मात्र इतकी घोटीव, की मला पहिल्या पानापासून शंका आली. मूळ ग्रंथ शोधण्यासाठी मी दोन दिवस ग्रंथालयात घालविले. काहीच सापडले नाही. तरीही मी गुण कापले. त्याला बोलावून एक प्रश्न विचारावा, एवढेही मला सुचले नाही. पुढे कित्येक वर्षांनी तो भेटला, तो स्वतः शिक्षक होऊन. कटुता नव्हती, त्याने सहज आपल्या जुन्या वह्या दाखविल्या. एकेक परिच्छेद चार-चार वेळा लिहिलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला. कारखान्याच्या कोऱ्या पाठीच्या पावत्यांवर काही मजकूर होता. बोलताना अडखळणारा माणूस लिहिताना अडखळत नाही, कारण लिहिताना त्याला वेळ मिळतो, हे मराठीच्या प्राध्यापकाला कळावयास हवे होते.

हे आठवण्याचे कारण असे की, मी जे केले तेच आता यंत्र करू लागले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम केले. त्यांत साम्याची टक्केवारी मोजण्याची पद्धत आहे : दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या, साठाच्या वर गेल्यास संशोधकाची नोंदणी रद्द. परंतु ही सारी मांडणी चोरीच्या मालाला मूळ मालक असतो या समजुतीवर उभी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मजकुराला असा मालकच नसतो. वाक्य प्रत्येक वेळी नवे जुळते; साम्य सापडावे कशाशी?

मग यंत्राचे लेखन ओळखणारी यंत्रे आली. ‘चॅटजीपीटी’ काढणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच असे एक साधन काढले, आणि अचूकता अपुरी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात साधनांची चाचणी घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्राचे ठरविले. शिकून घेतलेली, बेतशीर, साध्या शब्दांची इंग्रजी त्यांना संशयास्पद वाटली. चौथ्या पायरीवरची भाषा लिहिणारा आपला मुलगा या चाळणीत कोठे अडकेल, हे निराळे सांगावयास नको. माझा संशय भाषा फार चांगली म्हणून होता, यंत्राचा फार साधी म्हणून. शिक्षा भोगणारा मात्र एकाच जातकुळीचा विद्यार्थी.

आता पुष्कळ विद्वान म्हणतात, पुन्हा तोंडी परीक्षा घ्या. मला हा उपाय अर्धाच पटतो. मौखिक परीक्षेत नक्कल पकडली जाईल. परंतु चेहरा, आडनाव आणि उच्चार हेही पुन्हा खोलीत येऊन बसतील. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. लेखी परीक्षेत त्या बसूच शकल्या नसत्या. आणि त्यांच्या बोलीला तोंडी परीक्षेतल्या माझ्यासारख्या परीक्षकाने किती गुण दिले असते, याची मला खात्री नाही.

मला जमेल असा मार्ग खर्चाचा आहे. विद्यार्थ्याकडून पक्क्या प्रतीबरोबर कच्चे खर्डे घ्यावेत, आणि ते समोर ठेवून त्याच्याशी, त्याला येत असेल त्या भाषेत, बोलावे. “येथे हे वाक्य का खोडलेस?” एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडते. खर्डाही यंत्राकडून करून घेता येतो, हे खरे. पण खोडण्याचे कारण त्याला स्वतःच सांगावे लागते. एका विद्यार्थ्याला पंधरा मिनिटे धरली, तर शंभरांच्या वर्गाला पंचवीस तास लागतात. आज ज्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील शिक्षक तीन-तीन वर्ग सांभाळतात, तेथे हे पंचवीस तास कोणाच्या वेळापत्रकात बसवावयाचे आणि त्यांचे मानधन कोणी द्यावयाचे, हे विद्यापीठाच्या ज्या सभेत ठरते, तेथे आपल्यापैकी जे माजी विद्यार्थी आज प्राध्यापक आहेत, त्यांनी तो विषय मांडावा. कागदपत्रे तयार करण्यास मी येईन.