उष्णताशक्ती व एंजिनशक्ती : एककांचे परिवर्तन

एकक काळात होणाऱ्या कार्यास शक्ती म्हणतात. एंजिनाची शक्ती अश्वशक्तीत, तर भट्टी किंवा बाष्पित्र (बॉयलर) यांची उष्णता पुरविण्याची त्वरा ब्रिटिश उष्णता एकक प्रतितास किंवा किलोकॅलरी प्रतितास या एककांत सांगण्याची प्रथा आहे. दोन्ही राशी मूलतः एकच असल्या, तरी त्यांची एकके स्वतंत्रपणे रूढ झाली.

वाफ एंजिन किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकास पटविण्यासाठी जेम्स वॉट यांनी १७८३ च्या सुमारास १ अश्वशक्ती म्हणजे दर मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य असे ठरविले. त्या वेळी उष्णता व कार्य यांचे नाते अज्ञात होते. जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या १८४३ ते १८५० या काळातील प्रयोगांनी ते सिद्ध झाले. १ पौंड पाण्याचे तापमान १° फॅ. ने वाढविणारी उष्णता त्यांना ७७२ फूट-पौंड कार्याइतकी आढळली. आधुनिक मूल्य सु. ७७८ आहे. त्यावरून १ अश्वशक्ती म्हणजे ताशी सु. २,५४५ ब्रिटिश उष्णता एकके किंवा ७४६ वॉट होतात. मेट्रिक अश्वशक्ती (सेकंदास ७५ किग्रॅ.-मीटर) किंचित लहान, म्हणजे ७३५·५ वॉट किंवा ताशी सु. ६३२ किलोकॅलरी, आहे.

घोटाळ्याचे मुख्य स्थान ‘बाष्पित्र अश्वशक्ती’ हे एकक होय. १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनात, एका अश्वशक्तीच्या एंजिनास ताशी सु. ३० पौंड वाफ लागते, या अनुभवावर ते ठरविण्यात आले. प्रमाणित व्याख्येनुसार ते ताशी सु. ३३,४७५ ब्रिटिश उष्णता एकके, म्हणजे ९·८ किलोवॉट किंवा यांत्रिक अश्वशक्तीच्या सु. १३ पट भरते. हा फरक गणिताचा दोष नसून त्या काळच्या एंजिनाची कहाणी आहे, वाफेतील सु. १/१३ उष्णतेचेच कार्य होई, बाकीची वाया जाई. म्हणून एककांचे परिवर्तन व ऊर्जेचे रूपांतर या गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. ५ अश्वशक्तीच्या तेल एंजिनाची कार्यक्षमता ३०% धरल्यास त्यास ताशी सु. ४२,४०० ब्रिटिश उष्णता एककांचे इंधन लागते. कार्यरूपाने १२,७२५ मिळतात.

परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हा भेद रोजच्या व्यवहारात दिसतो. वसमत ही हळदीची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. हळद शिजविण्यास वाफेची उष्णता लागते, तर वाळलेली हळद फिरत्या ढोलात घासून चकचकीत करण्यास मोटारीची किंवा ट्रॅक्टरची शक्ती लागते. दोन्ही साधनांची क्षमता ‘अश्वशक्ती’ याच शब्दाने सांगितल्यास इंधनाचा अंदाज तेरा पटींनी चुकू शकतो.

भारतात १९५६ च्या वजने व मापे कायद्याने मेट्रिक पद्धती आली, तरी विहिरीवरील पंपाची ओळख अश्वशक्तीच राहिली. मोटारीच्या पाटीवर ३·७ किलोवॉट व ५ अश्वशक्ती, ५·५ किलोवॉट व ७·५ अश्वशक्ती अशा जोड्या असतात. त्या स्थूल आहेत. शिवाय पाटीवरील आकडा दांड्यावर मिळणारी शक्ती दर्शवितो. ८०% कार्यक्षमतेची ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर तारेतून सु. ४·७ किलोवॉट घेते व ८ तासांत सु. ३७ युनिटे वापरते. मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली. त्यामुळे पंप किती तास चालला, म्हणजे ऊर्जा किती खर्च झाली, हे बिलात उमटत नसे. एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रात ७·५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. घोड्याच्या ओढीवरून बेतलेले हे एकक अशा रीतीने शेतकऱ्याच्या सवलतीची सीमारेषा बनले आहे.