फळमाशीची सामायिक वही

वाराणसीत मंगला गौरीच्या पंचगंगा घाटापासून काठाकाठाने दक्षिणेकडे, घाटांची रांग संपेपर्यंत गेले की पुढे काशी हिंदू विश्वविद्यालय लागते. तेथे १९७६ पासून सुभाषचंद्र लखोटिया यांनी फळमाशीच्या एका विलक्षण जनुकाचा पाठपुरावा केला. त्याची सुरुवात मात्र कोलकात्यातली. बेंझामाइड हे रसायन दिले असता अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रांवर ‘९३डी’ या ठिकाणी फुगवटा येतो, म्हणजे तिथले जनुक जोमाने कामाला लागते, असे त्यांना व ए. एस. मुखर्जी यांना आढळले. १९७० साली हे छोटे टिपण ‘ड्रोसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस’मध्ये छापले गेले.

नाव सरकारी खात्याला शोभावे असे, पण व्यवहार अगदी घरगुती. कॅल्विन ब्रिजेस आणि मिलिस्लाव्ह डेमेरेक यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या या पत्रकात कोणाकडे कोणते वाण आहे, कोणाचा पत्ता काय, कोणती युक्ती साधली, हे सारे येई. शोधनिबंधात न मावणारे ज्ञान तेथे मावत असे. ब्रिजेस उत्परिवर्तनांची सूचीही करत होते. १९३८ मध्ये ते गेले आणि कॅथरीन ब्रेमे यांनी ती पूर्ण करून १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अशा सूच्या जाडजूड होत गेल्या, आणि छापून हाती येईपर्यंत जुन्याही.

१९९२ मध्ये ‘फ्लायबेस’ हा डेटाबेस उभा राहिला, तोच पुढे सर्वांसाठी ऑनलाइन खुला झाला. भ्रूणाच्या विकासात कोणते जनुक कधी, कोठे कार्य करते, हे तेथे एका नोंदीत सापडते. त्यामागचे खरे कष्ट यंत्राचे नव्हेत, वाचणाऱ्यांचे. शोधनिबंध वाचून एकाच जनुकाची वेगवेगळी नावे जुळवणारे संपादक नसते, तर ‘९३डी’ आणि ‘एचएसआर-ओमेगा’ एकच, हे नवख्या विद्यार्थ्याला कोणी सांगितले असते? हे जनुक प्रथिनासाठी नव्हे, तर मुख्यतः आरएनएसाठीच आहे, हेही आज त्याच्या अधिकृत नावातच दिसते.

मे २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची संघराज्य अनुदाने रद्द झाली, त्यांत फ्लायबेसचेही अनुदान गेले. नव्वद वर्षे चालत आलेली ही वही चालू ठेवण्यासाठी तिच्या संपादकांना जगभरच्या प्रयोगशाळांकडे वर्गणी मागावी लागली.