मुतेसा: सगळ्यांना खेळवणारा राजा

आजची गोष्ट व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठावरची. आजच्या युगांडात बुगांडा नावाचं राज्य आहे. तिथल्या राजाला म्हणतात 'कबाका'. आपला कबाका आहे पहिला मुतेसा. १८५६च्या सुमारास तो गादीवर आला.

१८६२ साली स्पीक हा इंग्रज प्रवासी नाईलचा उगम शोधत तिथे पोचला. त्याला दिसले रुंद, सरळ रस्ते आणि शिस्तीचा दरबार. आणि गंमत बघा, या राजघराण्याला स्वतःचं कूळच नाही! राजपुत्र आईच्या कुळाचा. म्हणजे पुढचा राजा आपला असू शकतो, ही आशा अनेक कुळांना. राज्य एकत्र बांधून ठेवणारी ही मोठी गाठ होती.

१८७५मध्ये स्टॅनली आला. 'इथे मिशनरी पाठवा' असं त्याचं पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. १८७७मध्ये प्रोटेस्टंट आले, १८७९मध्ये कॅथलिक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, राजा भोळा, फसला बिचारा.

पण जरा नकाशा बघा. उत्तरेकडून नाईलच्या काठाने इजिप्तचं सैन्य सरकत होतं. मुतेसाला धर्मापेक्षा बंदुका आणि दोस्त हवे होते. झांझिबारच्या व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम आधीच आला होता. मुतेसाने रमझानचे रोजेही धरले होते. मात्र दरबारातल्या तरुण मुसलमानांनी धर्मासाठी त्याचा अधिकार झुगारला, तेव्हा १८७६मध्ये त्याने अनेकांना ठार केलं. पुढे मिशनऱ्यांना राजधानीतच ठेवलं, मौलवी आणि पाद्री यांचे वाद समोर बसून ऐकले. शेवटपर्यंत तो पुरता कुणाचाच झाला नाही.

हा तोल मात्र त्याच्या एकट्याच्या हातात होता. १८८४मध्ये तो गेला. वाद ऐकणारी दरबारातली पोरं मोठी झाली, धर्माप्रमाणे त्यांचे गट पडले. १८८८पासून ते एकमेकांशी लढले. त्या भांडणात ब्रिटिश शिरले आणि १८९४मध्ये बुगांडा त्यांच्या संरक्षणाखाली गेलं.

म्हणून मला तो आता भोळा वाटत नाही. परक्यांना एकमेकांविरुद्ध खेळवणं त्याला जमलं. तो खेळ पुढच्याच्या हाती देणं जमलं नाही.

कंपालात कासुबीच्या टेकडीवर त्याची समाधी आहे. पुढच्या भागात त्याच्या मुलाची, म्वांगाची गोष्ट. तोवर, भेटूया!