शुद्ध करड्याच्या शोधात : इंकजेट छपाई आणि कृष्णधवल छायाचित्र

१/ कृष्णधवल छायाचित्र छापणे रंगीत छायाचित्रापेक्षा सोपे असावे, असा सर्वसाधारण समज आहे. इंकजेट छपाईच्या इतिहासाने तो खोटा ठरवला. कोणतीही झाक नसलेला करडा रंग कागदावर उतरवण्यात सुमारे दीड दशक गेले. हा थ्रेड त्या प्रयत्नांविषयी.

२/ या कथेचा आरंभ एका गायकापासून होतो. ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ या संगीतसमूहातील ग्रॅहम नॅश हे छायाचित्रकारही होते. त्यांच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या बऱ्याच निगेटिव्ह हरवल्या होत्या. हाती उरल्या त्या कॉन्टॅक्ट शीट. त्या स्कॅन करता येत होत्या. प्रश्न होता तो मोठ्या आकाराच्या, दर्जेदार प्रती छापायच्या कशावर?

३/ उत्तर सापडले आयरिस ३०४७ या यंत्रात. हे यंत्र कलाकृतींसाठी नव्हतेच. छापखान्यातील कामाचे रंगीत प्रूफ काढणे हा त्याचा हेतू. किंमत १,२६,००० डॉलर. जाड कागद फिरावा म्हणून नॅश यांच्या चमूने यंत्राच्या भागांवर चक्क करवत चालवली. वॉरंटी अर्थातच संपली.

४/ १९९१ मध्ये नॅश आणि मॅक होल्बर्ट यांनी कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे ‘नॅश एडिशन्स’ सुरू केले. त्यांचे ते पहिले यंत्र आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. मात्र आयरिसच्या सुरुवातीच्या शाया लवकर फिकट होत. संग्राहक आणि संग्रहालये अशा प्रतींवर विश्वास कसा ठेवणार?

५/ दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. डार्करूममधील प्रतीत काळेपणा येतो तो धातुरूप चांदीच्या कणांमुळे. रंगीत इंकजेट प्रिंटर मात्र करडा रंग बहुतांशी निळसर, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून घडवतो. त्यांतील एकीचे प्रमाण किंचित ढळले की चित्रावर हिरवी वा गुलाबी झाक येते. रंगीत चित्रात ती खपून जाते. करड्यात डोळा ती ताबडतोब टिपतो.

६/ मग केवळ काळीच शाई का वापरू नये? कारण फिकट भागांत काळे ठिपके विरळ पडतात आणि एकेक ठिपका दिसू लागतो. आकाश खरखरीत, चेहरा मिरी भुरभुरल्यासारखा.

७/ २००० साली आलेल्या एप्सन स्टायलस फोटो २०००पी या प्रिंटरच्या पिगमेंट शाया अधिक टिकाऊ होत्या. पण दिव्याखाली ठीक दिसणारी करडी प्रत खिडकीजवळ नेली की हिरवट भासे. प्रकाश बदलला की रंग बदलल्याचा हा भास छपाईकारांत ‘मेटामेरिझम’ या नावाने कुप्रसिद्ध झाला.

८/ अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जॉन कोन यांनी निराळा मार्ग धरला. त्यांच्या ‘पिएझोग्राफी’ पद्धतीत प्रिंटरमधील रंगीत शायांची जागा काळ्याच्या कमी-अधिक गडद छटांनी घेतली. फिकट भागासाठी फिकट शाई, म्हणून ठिपके दाट पडतात आणि छटा सलग उतरते. रंगच नाहीत, तर तोल ढळणार कशाचा?

९/ २००५ मध्ये एप्सनने ‘अल्ट्राक्रोम के३’ शाया आणल्या. काळा, फिकट काळा आणि अतिफिकट काळा अशा तिघांवर मुख्य भार, रंगीत शाई केवळ झाक सुधारण्यापुरती. ही सोय आर२४०० सारख्या टेबलावर मावणाऱ्या प्रिंटरमध्येही होती. त्यामुळे शुद्ध करडा रंग हौशी छायाचित्रकाराच्या घरी पोहोचला.

१०/ रंगीत शाईची ही किंचित मदत लागते, कारण काळ्या पिगमेंट शाईचा गाभा कार्बनचा, आणि कार्बन विरळ केला की तपकिरीकडे झुकतो. भारतातील जुन्या पोथ्यांची शाईही काजळीची, म्हणजे कार्बनचीच. पोथीची अक्षरे शतकानुशतके काळी राहिली ती त्याच द्रव्यामुळे. चांदीशिवाय छायाचित्र टिकवू पाहणाऱ्या आधुनिक यंत्रालाही अखेर काजळीच्याच कुळातील शाईचा आधार घ्यावा लागला.